हिलालआप्पांनी मागितलेली फट

२३ नोव्हेंबर, रविवार.

कित्येक महिन्यांत इथे ब्लॉगवर काही लिहिलं नाही. तुमच्या मेसेजना उत्तरंही दिली नाहीत. माफ करा.

आमच्या कंपनीच्या माळ्याला आमच्याच बांबूंनी मारलं.

नऊ दिवस दवाखान्यात होते. आज सकाळी गेले.

हिलालआप्पा. मूळचे धुळ्याकडचे, राहायला लिंबायतला. पंचवीस वर्षं लूम चालवली. लूमच्या खडखडाटाने डावा कान खाल्ला. मग पलसाण्याला आमच्या डाइंग युनिटमधे झाडं सांभाळायला आले.

जुलैत कंपनीचा व्हॉलंटियरिंग डे झाला. मी एचआरमधे, म्हणून सगळं माझ्याकडे. देशी झाडंच लावायची हा हट्टही माझाच. करंज, जांभूळ, शिरीष. हद्दीवर सागरगोट्याचं जिवंत कुंपण, आणि ते वाढेपर्यंत बाभळीच्या काट्यांची रांग. प्रत्येक रोपाला बांबूचा आधार, त्यावर लावणाऱ्याच्या नावाची पाटी.

चुन्याची रेघ मी मारून घेतली. सरळ.

मागच्या खोल्यांतल्या मजुरांची पायवाट जिथून जायची, तिथे आप्पा रेघेवर येऊन उभे राहिले.

"ताई, आठे वाट शे. मागल्या खोल्यासना लोके आठूनच मिलमा जातस."

"आप्पा, जागा कंपनीची आहे."

"शे ना. पन दोन झाडेसमा माणूस जाई इतली फट ठेवूत. आमना गावले कुंपणमा ठेवतसच."

"ड्रोनने फोटो काढायचाय. दात पडल्यासारखं दिसेल."

आप्पांनी तोंड उघडून समोरची खिंड दाखवली. "मंग मना फोटो काढूच नका."

सगळे हसले. मीही.

फट ठेवली नाही.

दुसऱ्या दिवसापासून खोल्यांमधली माणसं वळसा घालून हायवेच्या कडेने शिफ्टला जाऊ लागली. काही जण काट्या ओढून आत शिरत. त्यांना अडवायचं काम मी आप्पांना दिलं.

"एय डोसा, रस्तो तारा बापनो छे?" म्हाताऱ्या, रस्ता तुझ्या बापाचा आहे का, असं त्यांच्यातला एक गुजरातीत ओरडला; मी हे स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

"ताई, माले रोज शिव्या देतस," आप्पा म्हणाले.

"दुर्लक्ष करा," मी म्हणाले आणि मीटिंगला गेले.

मग या महिन्यात हायवेवर ट्रेलरने त्या खोल्यांमधल्या एकाला चिरडलं. शिफ्टला निघालेला होता. डबा हातात होता म्हणतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचे भाऊ आले. चौघे.

मी दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून पाहिलं. ते बांबू उपटत होते. मला वाटलं, रोपं उपटतायत.

खरं लिहिते. माझा पहिला विचार झाडांचा होता.

आप्पा बहिरा डावा कान त्यांच्याकडे करून, वाकून पाणी घालत होते. पहिला फटका डोक्यात बसला. ते खाली बसले. दुसरा तोंडावर. मग चौघेही तुटून पडले. बांबू फुटले की नवे उपटायचे. बंद काचेतून आवाज येत नव्हता. फक्त हात वर जाताना दिसत होते, आणि आप्पांचा एक हात, जो थोडा वेळ वर होता.

मी जिना उतरून पोहोचेपर्यंत ते चौघे तिथेच बसून होते. त्यातला एक मोठ्याने रडत होता. आप्पांचा जबडा जागेवर नव्हता. जांभळाच्या आळ्यातलं पाणी लाल झालं होतं.

पंचनाम्यात फुटलेले बांबू होते, पाट्यांसकट. पाट्यांवरची नावं मी वाचली. इथे लिहीत नाही. त्यांना ती झोपू देणार नाहीत.

दवाखान्यात वॉचमन मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, उन लोगों ने पहले पूछा था, रास्ता किसने बंद किया? काका बोले, मैंने."

मैंने.

मला वाचवायला म्हणाले? की काट्या स्वतःच्या हाताने टाकल्या, म्हणून तेच खरं वाटलं? नऊ दिवस मी उशाशी बसून विचारत होते. त्यांना बोलता येत नव्हतं.

कंपनीने मात्र तो शब्द उचलला. माळ्याने मनमानीने वाट अडवली, स्वभाव भांडखोर होता, असा जबाब तयार झाला. खाली सही माझी आहे. सही एका झटक्यात केली, हेही नोंदवून ठेवते.

आज दुपारी मी लिंबायतला, आप्पांच्या घरी गेले. आप्पांच्या बायकोने, अंजनाकाकूंनी, मला चहा दिला. मयताच्या घरात, मला. मग म्हणाल्या, "ताई, तू त्यासले वळखत होती. मना माणूस भांडखोर व्हता का?"

शेजारच्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

मी "नाही" म्हणाले. इतक्या हळू, की त्यांना परत विचारावं लागलं.

आप्पा, तुम्ही भांडला असतात तर बरं झालं असतं. माझ्याशी. त्या रेघेवर.

निरोप घेते. माफी मागत नाही, ती द्यायला तुम्ही नाही.

उद्या: पोलीस ठाण्यात जाऊन जबाब बदलून देणे. वाट मी बंद करायला लावली.