आपला पेला आपणच काढायचा

आमचे बाबा घराबाहेर पडले की खिशात पाकीट असो नसो, पिशवीत स्टीलचा पेला असायचाच. आई गेल्यावर मी त्यांना सिंगापूरला घेऊन आले, तेव्हा त्यांच्या बॅगेत कपडे कमी आणि भांडी जास्त निघाली. एक ताट, दोन वाट्या आणि तो पेला. "अहो बाबा, सिंगापूरला भांडी मिळत नाहीत का?" मी विचारलं. "मिळत असतील की," ते म्हणाले, "पण ती दुसऱ्यांची."

बुकित बातोकला आमच्या ब्लॉकपासून हाकेच्या अंतरावर हॉकर सेंटर होतं, म्हणजे एका छपराखाली खाण्यापिण्याची पंचवीस दुकानं. बाबा संध्याकाळी तिथं चहाला जायचे आणि चहावाल्यापुढं आपला पेला धरायचे. चहावाला म्हणजे एक चिनी म्हातारा, मोठा मिश्कील. "अंकल, माझा कप स्वच्छ आहे लाह!" असं तो रोज तिथल्या लकबीत म्हणायचा. बाबा हसायचे आणि पेला तसाच धरून उभे राहायचे. मी सोबत असले की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तिथल्या मुस्लिम दुकानांच्या बशा हिरव्या आणि बाकीच्यांच्या लाल होत्या. बाबांनी हे पहिल्याच दिवशी हेरलं. "ती वेगळी भांडी कुणासाठी?" त्यांनी हळूच विचारलं. हलाल जेवणासाठी, मी सांगितलं. ते "असं होय" म्हणाले, पण त्यांचं काही समाधान झालेलं दिसलं नाही.

यामागचं कारण मला माहीत होतं, म्हणून तर जास्त राग यायचा. आम्ही बौद्ध. आमच्या घरात धम्म आजोबांच्या वेळी आला, पण गावाला त्याचं काय? बाबा लहान असताना गावच्या हॉटेलात त्यांच्यासाठी कानतुटकी कपबशी बाहेरच्या कुडात खोचलेली असायची. चहा प्यायचा, आपणच विसळायची आणि होती तिथं खोचायची. पाणी हवं असलं तर ओंजळ धरायची, वरून कुणीतरी ओतायचं. पुढं बाबा शिक्षक झाले. शाळेत कपबशा नव्या आल्या, पण "हा गुरुजींचा बरं का" म्हणून एक कप बाजूलाच राहिला. त्याच दिवशी त्यांनी बाजारातून हा पेला आणला. "त्यांनी आपला वेगळा काढायच्या आत आपणच आपला काढायचा," ते म्हणायचे. "म्हणजे त्यांची पंचाईत नाही आणि आपलीही नाही." आणि कुणी जेवायला बोलावलं की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं, "पोट भरलंय माझं." आई वैतागायची. "या माणसाचं पोट लोकांच्या दारात गेलं की आपोआप भरतं," म्हणायची.

दोन हजारच्या दशकातली गोष्ट. सिंगापुरातल्या तांजोंग पगार भागातल्या माझ्या ऑफिसनं मला काही महिन्यांसाठी इथिओपियाला पाठवायचं ठरवलं. अदिस अबाबा शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम होतं, पंप बसवायचे होते. नवऱ्याला रजा नव्हती, लेकीची शाळा होती. बाबांचा व्हिजिट पास संपत आला होता आणि गावी जाऊन रिकाम्या घरात बसायची त्यांची तयारी नव्हती. "मी येतो तुझ्याबरोबर," ते म्हणाले. "एकटी बाई एवढ्या लांब." मी म्हटलं, "म्हणजे तिकडं मी पंप बघू की तुम्हाला?" पण मनातून बरं वाटलं. घरात ते दिवसभर खिडकीशी बसून असायचे, तेवढं तरी सुटेल असं वाटलं.

अदिस अबाबात आम्हाला एका मोठ्या आवारात मागच्या बाजूच्या दोन खोल्या मिळाल्या. पुढच्या घरात मालकीणबाई आणि त्यांची लेक राहायच्या. मालकीणबाई बाबांच्याच वयाच्या, विधवा, अंगावर कायम पांढरी शाल. लेक बँकेत नोकरीला होती. तिला इंग्रजी छान यायचं, मालकीणबाईंना चार शब्द यायचे. आपल्याकडं "आफ्रिका" म्हटलं की लोकांना ऊन आठवतं. इथं उंचावरचं गाव, पावसाळा चाललेला, आणि बाबा दोन स्वेटर घालून कुडकुडत बसलेले. निलगिरीची झाडं, पत्र्यांवर पावसाचा ताशा आणि आठवड्यातून तीनदा जाणारी वीज. "सिंगापूरपेक्षा हे बरं," बाबा म्हणाले, "हे आपल्यासारखं आहे." वीज जाते म्हणून एखादं गाव आवडलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पहिल्याच रविवारी मालकीणबाईंनी जेवायला बोलावलं. तिथं जेवताना कुणी आलं की "एनिब्ला" म्हणतात, म्हणजे चला जेवू. आपण म्हणतो ना "या जेवायला", तसंच. फरक एवढाच की आपल्याकडं समोरच्यानं "चालू द्या" म्हणायचं असतं आणि तिथं खरोखर बसायचं असतं. मधे वेताची उंच गोल टोपली, तिच्यावर केवढं तरी ताट. ताटभर पसरलेला इंजेरा, म्हणजे आपली आंबोळीच, पण आंबट आणि सुपाएवढी. तिच्यावर डाळी, भाज्या आणि चक्क पिठलं. सगळ्यांनी त्या एकाच ताटात चहूबाजूंनी जेवायचं.

जेवणाआधी लेक किटली आणि घमेलं घेऊन आली. पाहुण्यांच्या हातावर पाणी घालून हात धुवायची तिथली रीत आहे, घरातलं लहान माणूस ते करतं. ती बाबांसमोर वाकली आणि किटली वर धरली. तिनं वर धरलेली ती किटली बाबांनी पाहिली आणि हात मागं घेतले. "पोट भरलंय माझं," असं इंग्रजीत म्हणून ते उठले आणि खोलीवर निघून गेले. मी त्यांच्या पोटाचं काहीतरी कारण सांगून वेळ मारून नेली, आणि खोटं कशाला बोलू, भरपूर जेवलेसुद्धा.

मालकीणबाईंनी मात्र मनावर घेतलं. म्हाताऱ्याचं पोट नाजूक आहे म्हणून रोज काहीतरी सौम्यसं पाठवू लागल्या. बाबा ते आपल्या ताटात काढून घ्यायचे आणि चाटूनपुसून खायचे. सकाळी ऊन पडलं की दोघं आवारात बसायची. बाई डाळ निवडायच्या, बाबा जुनं वर्तमानपत्र वाचायचे. त्या त्यांच्या भाषेत काहीतरी सांगायच्या, हे मराठीत "हो ना, महागाई फार" असं काहीतरी ठोकून द्यायचे. आई गेल्यापासून बाबांना इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं. जीव भांड्यात पडला माझा.

सप्टेंबरात पाऊस थांबतो, माळांवर पिवळी फुलं येतात आणि त्यांचं नवं वर्ष सुरू होतं. आमंत्रण द्यायला मालकीणबाई स्वतः आल्या, बाबांचा हात धरून "यायचंच" म्हणून सांगून गेल्या. या वेळी नाही म्हणणं शक्यच नव्हतं. बाबांनी शर्टाला इस्त्री केली, दाढी केली, आणि निघताना बघते तर काय, काखेत ताट आणि हातात पेला!

"बाबा, ते ठेवा इथं," मी म्हटलं.

"असू दे गं. त्यांची पंचाईत नको."

दारात भांडण नको म्हणून मी दात-ओठ खाऊन गप्प बसले. घर माणसांनी भरलेलं. जमिनीवर हिरवं गवत अंथरलेलं, कोपऱ्यात कॉफीचे दाणे भाजल्याचा धूर. ताटात कोंबडीचा लालभडक रस्सा आणि त्यात उकडलेली अंडी. सगळे गोल बसले, बाबांना मालकीणबाईंच्या शेजारची मानाची जागा दिली. आणि बाबांनी अदबीनं आपलं ताट पुढं केलं, "मला यात वाढा" अशी खूण केली. मालकीणबाईंनी ताटाकडं पाहिलं, मग बाबांकडं. आणि त्यात वाढलं. बाबा ताट घेऊन भिंतीशी सरकले, मान खाली घालून जेवले, ताट स्वतः धुतलं आणि सगळ्यांना नमस्कार करून आले. "छान झालं," मला म्हणाले. "कुणाला त्रास नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आवारात आल्या नाहीत. बाबा दोन खुर्च्या मांडून वाट बघत बसले. त्याच्याही दुसऱ्या दिवशी तेच. संध्याकाळी लेक माझ्याकडं आली, दारातच उभी राहिली. "आई रडतेय," ती म्हणाली. "आमच्या शाळेत इंडियन सर होते. फार चांगले होते, पण आमच्या कुणाच्या घरी पाणी प्यायचे नाहीत. कुणीतरी सांगितलं होतं, त्यांच्यात दुसऱ्यांचं शिवलेलं चालत नाही. आई विचारतेय, तुझ्या वडिलांना आम्ही घाणेरडे वाटतो का? तसं असेल तर तुम्ही दुसरीकडं जागा बघा. सगळ्या नातेवाइकांसमोर झालं ते."

मी हसू की रडू, मला कळेना. आत जाऊन मी बाबांवर अक्षरशः ओरडले. "घ्या! मिरवा अजून तुमचा पेला! त्या बाईला वाटतंय तुम्ही तिचा विटाळ मानता!"

बाबा पलंगावर बसले होते. त्यांनी मला तेच पुन्हा सांगायला लावलं. "मी?" ते म्हणाले. "मी विटाळ मानतो?" त्यांचा चेहरा असा झाला की माझा राग जागच्या जागी विरला. आयुष्यात त्यांनी नाही नाही ते ऐकून घेतलं होतं, पण हा आळ त्यांच्यावर कधी कुणी घेतला नव्हता. "जागा बदलायची तर बदलू," ते म्हणाले, "पण हे असं ठेवून जायचं नाही. मेलो तरी चालेल." आणि पायांत चपला अडकवून, पेला-बिला काही न घेता, ते पुढच्या घराकडं चालू लागले. मी मागून धावले.

मालकीणबाई जेवायलाच बसत होत्या. त्या "एनिब्ला" म्हणाल्या नाहीत. बाबा उभ्यानंच लेकीला म्हणाले, "पोरी, तुझ्या आईला सांग." आणि वर्गात शिकवताना बोलायचे तसं एकेक वाक्य सुटं करून, त्यांच्या मास्तरी इंग्रजीत सगळं सांगितलं. कुडात खोचलेली कपबशी, ओंजळ, शाळेतला बाजूचा कप. "तुमच्या सरांसारखी माणसं आमच्याकडं ज्यांच्या हातचं पाणी पीत नाहीत ना," ते म्हणाले, "त्यांतला मी. विटाळाची माणसं तुम्ही नव्हे, आम्ही. ताट तुमच्यापासून मला वाचवायला नव्हतं आणलं. माझ्यापासून तुम्हाला वाचवायला आणलं होतं." मी आजवर हे त्यांच्या तोंडून तुकड्या-तुकड्यांनी ऐकलं होतं. असं सलग कधीच नाही.

लेक भाषांतर करता करता मधेच थांबली, मग तिनं पुरं केलं. मालकीणबाईंचं सॉरी नाही, अरेरे नाही. मग लेकीला काहीतरी म्हणाल्या आणि लेक किटली घेऊन आली.

तिनं किटली वर धरली. बाबांनी हात पुढं केले आणि सवयीनं त्यांची ओंजळ झाली. लेक थांबली. "बाबा," मी म्हटलं, "हात धुवायचेत फक्त." त्यांनी ओंजळ सोडली, हात चोळून चोळून धुतले आणि बाईंच्या शेजारी बसले.

मालकीणबाईंनी इंजेऱ्याचा तुकडा तोडला, डाळीत बुडवून त्याची गुंडाळी केली आणि सरळ बाबांच्या तोंडाशी नेली. याला तिथं गुर्शा म्हणतात. आपल्या माणसाला आपल्या हातानं घास भरवायचा, आणि तोही चांगला मोठा. बाबांनी माझ्याकडं पाहिलं. "आ करा की," मी म्हटलं. त्यांनी लहान मुलासारखा आ केला. एकावर थांबत नाहीत म्हणून दुसरा, मग तिसरा. बाबांचे दोन्ही गाल फुगले, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि "तिखट आहे, तिखट आहे" असं ते मराठीतच म्हणत राहिले. डाळीत तिखटाचं नाव नव्हतं.

आणि मग बाईंनी स्वतःचं तोंड उघडलं आणि तशाच थांबल्या.

"आता काय?" बाबांनी मला विचारलं.

"आता तुमची पाळी. भरवा."

त्यांनी आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. घास केला, तो मोडला, पुन्हा केला. तोंडाशी नेईपर्यंत निम्मी डाळ बाईंच्या पांढऱ्या शालीवर सांडली. बाईंनी घास घेतला, सावकाश चावला, गिळला आणि पुन्हा तोंड उघडलं. लेक हसायला लागली, मीही. बाबा मात्र परीक्षेला बसल्यासारखे पुढचा घास करण्यात गुंतले होते.

काम संपलं तसे आम्ही परत निघालो. बुकित बातोकच्या घराचं दार नवऱ्यानं उघडलं. बाबांच्या हातातली बॅग घेत तो म्हणाला, "काय बाबा, सिंह बघितले की नाही आफ्रिकेत? काय काय पाहिलंत?"

बाबा चपला काढत होते. एक पायात, एक हातात, तसेच थांबले.

"जावईबापू," ते म्हणाले, "त्या बाईनं माझ्या हातचं खाल्लं."