आईची साखर आणि आईचे दात

माझ्या आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं गेलं. दोन्ही वेळा कारण एकच, साखर वाढलेली. म्हणजे चूक तिचीच, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. त्या सगळ्यांत मीही होतो.

पोंभुर्ण्याहून दोन एसट्या बदलून मोठ्या दवाखान्यात जायचं. तिला पायरी दिसत नव्हती, तांदळातले खडे दिसत नव्हते. तिसऱ्या खेपेलाही साखर वरच. डोळ्यांच्या खिडकीवरून साखरेच्या, तिथून परत डोळ्यांच्या! मी तिथेच वैतागलो.

"माय, चोरून गोड खाऊन राह्यली का तू?"

"दिसत नाई त्या बाईले चोरी जमते का बापा?"

तंबाखू खाता का, हे प्रत्येक खिडकीवर विचारायचे. "नाई," आई ठामपणे सांगायची आणि मीही मान डोलवायचो. आमच्याकडच्या बायका तंबाखू तव्यावर जाळून काळी पूड करतात, तिला नस म्हणतात आणि तिनं दात घासतात. ती तंबाखूत कोण धरतं? उलट दात दुखला की नस आणखी लावायची. आईचे दात दुखत होते, म्हणून ती दिवसातून चारदा घासत होती.

त्या दिवशी ती गाल धरून दातांच्या खोलीबाहेरच्या बाकावर टेकली. आतली तरुण डॉक्टरीण बाहेर आली आणि म्हणाली, "आजी, आ करा."

एवढंच. हिरड्या पिकलेल्या, तीन दात हलणारे.

"हा पू आहे तोवर साखर उतरणं कठीण," ती मला म्हणाली. "तोंड काही शरीराबाहेर नसतं."

माझं डोकंच फिरलं. दातांच्या उपचारांत पुढे काय काय यंत्रं येणार ते लोक कौतुकानं सांगतात. येऊ द्या. पण साखर तपासणारा माणूस आधी 'आ करा' म्हणायला शिकला, तरी आमचं भागेल. तणतणत बाहेर आलो, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून गालात दाबला आणि स्टँडपर्यंत आईला नस सोडण्यावर भाषण दिलं.

दात काढले. नस रडतखडत सुटली. साखर उतरली, डोळाही झाला.

पट्टी निघाल्यावर आई माझ्या चेहऱ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, आता रडणार.

"बाबू," ती म्हणाली, "आ कर."