वायरी मी काढल्या होत्या

माझ्या मुलीला टर्नर सिंड्रोम आहे, हे ती एकोणीस वर्षांची असताना कळलं. उंची खुंटलेली, पाळी आलेली नाही. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं, जन्मापासून एक गुणसूत्र कमी आहे, मूल होणं अवघड. अशा मुलींच्या हृदयाच्या ठोक्यांतही कधी कधी बिघाड असतो. तिला मधूनमधून भोवळ यायची, म्हणून छातीला वायरी चिकटवून कमरेला ठोके नोंदवणारं यंत्र बांधलं. चोवीस तास ठेवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटनांदूरला आमच्या घरी तिला पाहायला पाहुणे येणार होते. मी त्यांना आजाराचं काहीच सांगितलं नव्हतं. साडीतून यंत्राचा फुगवटा दिसत होता. बायको शेजारी खुर्च्या मागायला गेली होती.

"काढ ते. दोन तासांनी लावू."

"डॉक्टर न्हाई म्हणले, अण्णा."

मीच वायरी उपसल्या आणि यंत्र गव्हाच्या डब्यात ठेवलं.

पोह्यांच्या बशा आणताना ती दारातच खाली बसली. डोळे उघडे, पण हाकेला ओ नाही. "उपास हाय तिचा," मी म्हणालो.

पाहुण्यांतली म्हातारी म्हणाली, "एका उपासानं एवढी? मग नवरात्रात काय उचलून न्यायची का?" सगळे हसले. मीही.

त्यांचा नकार आला. यंत्र परत दिलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, मधले दोन तास रिकामे कसे?

"पोरीनं काढल्या वायरी, साहेब. ऐकत न्हाई."

बाकीचे ठोके ठीक होते. मुलगी शेजारीच बसली होती.

दीड वर्षानं भाकरी करताना ती शुद्ध हरपून तव्यावर पडली. डावा हात भाजला. ठोक्याचा संदेश हृदयात मध्येच अडतो, हे तेव्हा सापडलं. पेसमेकर बसवला. आधीच कसं कळलं नाही, असं कोणी म्हटलं की बायको म्हणायची, "हिनंच वायरी काढल्या न्हाईत का!" मरेपर्यंत म्हणायची. मी समोर जेवत असायचो.

गेल्या महिन्यात तपासणीला गेलो. नव्या डॉक्टरांनी जुना कागद वाचला: रुग्णाने स्वतः वायरी काढल्या.

"मी काढल्या होत्या," मी म्हणालो. "पाहुणे यायचे होते. तिला भोवळ आली ती त्याच वेळात."

"काका, आता त्यानं काही फरक पडत नाही."

"तरी खोडा."

त्यांनी मुलीकडं पाहिलं. तिनं डाव्या हातावरची बाही खाली ओढली.

"खोडा, साहेब," ती म्हणाली. "आई असती तर तिला हा कागद दाखवला असता."