मास्तरांची बाजू

आमचा दादा प्लास्टर ओतून वस्तूंचे साचे घेतो. दुसरं काही त्याला येत नाही, पण हे असं येतं की मोठमोठे शिल्पकार त्याच्या दारात चपला झिजवतात. स्वतःचं काम करायला लागला तेव्हा त्याने घरातल्या वस्तूच ओतल्या. मोरी, दाराची कडी, दोन खुर्च्या. खुर्च्या इतक्या जवळ, की बसणाऱ्यांचे गुडघे एकमेकांना लागावेत. प्रदर्शनात एका विद्वानाला त्यांत एकटेपणा दिसला. डोंबलाचा एकटेपणा! दुसरी खुर्ची मास्तरांची होती. हे दादाला ठाऊक आणि मला. बाकी जगाला मास्तर म्हणजे त्याचे भाडेकरू.

मास्तर कोपऱ्यावरचे शिंपी. दोघं इतकी वर्षं एका घरात राहिले, की भांडायचेसुद्धा एकाच सुरात. तरी बाहेरच्या खोलीत मास्तरांच्या नावाने एक खाट घालून ठेवलेली, वर कडक इस्त्रीची चादर. आल्यागेल्याला दिसावी म्हणून. तिच्यावर कधी कोणी झोपलं नाही. मी चिडायचे, अरे, कुणाला फसवताय? दादा म्हणायचा, असू दे गं, तेवढ्याने लोक गप्प बसतात.

मग मास्तर गेले. दुकानातच झटका आला, कात्री हातात. दवाखान्यात विचारलं, तुम्ही यांचे कोण? दादा म्हणाला, घरमालक. मला हे नंतर कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला.

आणि एका सकाळी मास्तरांच्या थोरल्या भावाचा फोन आला. आईला लेकाचं अंथरूण हवंय, टेम्पो घेऊन निघालोय. दादाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने मला बोलावून घेतलं. पोहोचले तर आतल्या खोलीतल्या पलंगावर, मास्तर झोपायचे त्या बाजूला, गादीला पडलेल्या खड्ड्यात याने प्लास्टर ओतलेलं. साचा ठेवून घ्यायचा आणि गादी देऊन टाकायची, निदान मास्तरांचा आकार तरी घरात राहील, असा त्याचा विचार. विचार चांगला होता. पण तो कड धरून ओढत होता आणि साचा हलत नव्हता.

"साबण लावलास?" मी विचारलं.

त्याने कड सोडून दिली. ओतण्याआधी साबणाचा थर द्यायचा, नाहीतर प्लास्टर खालच्या वस्तूला धरून बसतं. ज्याने हे अर्ध्या शहराला शिकवलं, तोच साबण विसरला होता. मला त्याला झोडपावंसं वाटलं आणि पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्हीला वेळ नव्हता, खाली टेम्पो येऊन उभा राहिला होता.

मास्तरांचा भाऊ आईला घेऊन वर आला. त्याने अंथरूण कुठलं विचारलं, तर दादाने बाहेरची खाट दाखवली. अजूनही! मी दातओठ खात उभी. भाऊ गादी गुंडाळायला लागला. मास्तरांच्या आईंनी उशी उचलून नाकाशी धरली, बराच वेळ धरली. ही माझ्या लेकाची नाही, म्हणाल्या, आणि कुणाला न विचारता आत गेल्या.

आत एकच पलंग, दोन उशा. त्यांनी बरोबर मास्तरांचीच उशी उचलली.

"आणि ही दुसरी?"

"माझी," दादा म्हणाला. आख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा. भाऊ दारातच थबकला आणि भिंतीकडे बघत राहिला.

आईंनी प्लास्टरवर हात ठेवला आणि त्या दचकल्या. गरम होतं. घट्ट होताना ते गरम होतंच, पण तसं सांगायचा मला धीर झाला नाही. हात तिथेच ठेवून त्या रडल्या. मग डोळे पुसून दादाला म्हणाल्या, "इतकी वर्षं तुझ्याजवळ होता. आता मला दे."

दादाने सांगितलं, हे सुटत नाहीये, ओढलं तर गादीही फाटेल आणि साचाही जाईल. साबण लावला असता तर त्यांना गादी मिळाली असती आणि याला साचा. आई म्हणाल्या, मग आहे तसंच नेते. भांड की रे मेल्या, मी मनातल्या मनात ओरडत होते. तो भांडला नाही. त्या बाईने दुसऱ्या उशीचं विचारलं होतं आणि उत्तर ऐकून घेतलं होतं. तेवढ्यावर माझा भाऊ विकला गेला.

पलंगाच्या फळीसकट गादी उचलली. एक कोपरा भावाने धरला, एक टेम्पोवाल्याने, एक मी. चौथा दादाने. जिन्याच्या वळणावर भावाचा हात खाली गेला, तसा दादा कळवळून म्हणाला, "सपाट धरा. वाकलं तर तडा जाईल."