कोष्टकापुरते आकडे

फेअरकाकांचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथंच सुखानं नांदत होतं. प्रयोगशाळेत सगळे त्यांना फेअरकाका म्हणत, कारण कच्चं लिखाण फेअर केल्याशिवाय चारचौघांना दाखवणं त्यांच्या अगदी जिवावर यायचं. बियांना लेप लावायचा, त्या ओल्या कागदावर ठेवायच्या, किती रुजल्या ते मोजायचं, हे त्यांचं काम. मोजलेलं आधी चिठोऱ्यावर, मग पट्टीनं रेघा मारून वहीत. साहेबांच्या ढीगभर शोधनिबंधांना त्यांनी आकडे पुरवले. नाव मात्र यायचं शेवटी, आभारात, काचेची भांडी विकणाऱ्या दुकानदाराच्या शेजारी. निवृत्तीआधी एकदा तरी ते वर, लेखकांच्या ओळीत छापून यावं, एवढीच त्यांची इच्छा. बिया जास्त रुजाव्यात म्हणून काढलेल्या नव्या लेपावरचा निबंध ही शेवटची संधी होती.

नेमक्या तेव्हाच वह्या बंद झाल्या. यापुढे सगळं क्लाउडवर. शिकवायला आलेल्या बाई म्हणाल्या, "दिसेल ते लगेच लिहायचं. साहेब कुठेही असले तरी त्यांना त्याच क्षणी दिसेल. आणि काहीच पुसलं जात नाही हं. बदललंत तरी जुनं मागे राहतं."

बाकीच्यांना हे सोयीचं वाटलं. काकांना घाम फुटला. कच्चं लिखाण जगासमोर म्हणजे टॉवेल गुंडाळून पाहुण्यांना दार उघडण्यासारखंच की!

पण काका मुरलेले. त्यांनी पळवाट काढली. बिया रुजायच्या आधीच कोष्टक आखून ठेवायचं, रकाने नीट बसतात का हे बघायला बरे दिसणारे आकडे भरायचे, आणि मोजणी झाली की खरे घालायचे. लेपवाल्या रकान्यात त्यांनी भरघोस आकडे टाकले, साध्या बियांच्या रकान्यात बेताचे. कोष्टक कसं देखणं दिसत होतं! काका समाधानानं घरी गेले.

साहेब तेव्हा अनुदान देणाऱ्यांच्या सभेला बाहेरगावी गेले होते. त्यांनी फोनवर कोष्टक पाहिलं, हरखून ते भर सभेत पडद्यावर लावलं, लेप यशस्वी झाल्याचं जाहीर केलं आणि टाळ्या घेतल्या. इकडे बियांनी लेपाला काडीची किंमत दिली नाही. लेपवाल्या उलट थोड्या कमीच रुजल्या. काकांनी इमानानं खरे आकडे घातले.

परत आल्या आल्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. "काका, आकडे का बदलले?"

"बदलले नाहीत साहेब. आधीचे नुसते कोष्टकापुरते होते."

साहेब खुर्ची ओढून काकांच्या जवळ सरकले आणि एकदम मऊ आवाजात म्हणाले, "जुनं परत आणायचं एक बटण असतं. नोंद तुमची, तेव्हा तुम्हीच दाबा. निबंधावर पहिलं नाव तुमचं. माझ्याही आधी."

काकांना हवं होतं ते आयतं समोर आलं होतं, आणि खोटं सांगायचं कशाला, त्यांना मोह झाला. जागेवर येऊन त्यांनी दार लोटलं आणि संगणक उघडला.

संध्याकाळी साहेबांनी डोकावलं तर काका तसेच बसलेले आणि कोष्टकात खरेच आकडे. लेपाचं काम पुढे दुसऱ्या प्रयोगशाळेकडे गेलं. निबंध निघाला नाही. निरोप समारंभात साहेबांनी काकांच्या अक्षराचं तोंडभरून कौतुक केलं.

काकांना ते फार लागलं. घरी आल्यावर ताटावर बसल्या बसल्या त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ऐकून बायको म्हणाली, "एवढं मनाला लागतंय तर दाबायचं होतं बटण. तुमच्या तत्त्वांपायी नेहमी हेच!"

"कसली तत्त्वं गं," काका म्हणाले. "दाबलं होतं मी. पण लगेच एक चौकट आली, जुने आकडे परत का आणता ते लिहा म्हणून. दुपारभर बसलो. खऱ्याशिवाय दुसरं काही सुचेचना."