बूटवाली अक्षरं

कारंज्याला आमचा छापखाना होता आणि त्यात इंग्रजी लाकडी अक्षरांचा एकच मोठा संच. वीतभर उंच, जाडजूड, पायांखाली सपाट पट्ट्या. आम्ही त्यांना बूटवाली म्हणायचो. तंबूतल्या सिनेमाच्या जाहिराती त्यांनीच छापायच्या. बेचाळीसच्या चळवळीत आमच्या घरधन्यानं त्याच अक्षरांत ‘क्विट इंडिया’ छापलं. संचात ‘क्यू’ नव्हता, म्हणून ‘ओ’ला लाकडाची शेपटी चिकटवली. ती अशी वाकडी, की एकदा पाहिलेला विसरणार नाही. नंतर खरवडून काढली, पण ओरखडा राहिलाच. या माणसाची हुशारी नेहमी अर्ध्या वाटेपर्यंत पुरायची.

फौजदार आला तो नेमका खंडेनवमीला. सगळी अक्षरं पाटावर, हळदीकुंकवाखाली. त्याला गावात लागलेल्या ‘क्विट इंडिया’च्या कागदाशी ताडून पाहायला प्रत्येक अक्षराचा ठसा हवा होता. सासूबाई पाटापुढून हलल्या नाहीत.

“पूजेतली हत्यारं आज हालत नसतात, सायेब. उद्या सोनं वाटलं का मंग काय पाह्यचं ते पाहा.”

तोही देवभोळा निघाला. दाराशी शिपाई बसवून गेला. त्याची पाठ वळताच सासूबाईंनी स्वतःच्या हातानं तो ‘ओ’ उचलला, कपाळाला लावला आणि पुरण शिजत होतं त्या चुलीत घातला. जन्मभर सोवळं पाळलेली बाई ती. मला रडू आलं.

दसऱ्याला फौजदारानं एकेक ठसा काढून घेतला. बाकीची अक्षरं कुठल्याही छापखान्यात असतात तशी, त्यांवरून काही ठरेना; ‘ओ’ तेवढा नाही.

“संच जुना घेतला, सायेब. ते गोल अक्षर त्यात नव्हतंच,” हे म्हणाले.

आवाज साफ होता. मला जरा धीर आला आणि तेवढ्यात माझी नजर भिंतीवर गेली. तिथं सिनेमाची जुनी जाहिरात चिकटवलेली. ‘शो’ या इंग्रजी शब्दात मधोमध बूटवाल्यांचा तो ‘ओ’, काळाकुट्ट. आता हे खोटे ठरले की तुरुंग.

मी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि सोन्याचं ताट घेऊन त्या कागदाला पाठ लावून उभी राहिले. परक्या बाईला बाजूला हो म्हणायची रीत नव्हती.

फौजदारानं सासूबाईंना सोनं दिलं, यांना दिलं. मग आपट्याची पानं माझ्यापुढं धरली.

“घ्या वहिनी, सोनं.”

पुढं होऊन घ्यायचं, वाकून नमस्कार करायचा. मी जागची हलले नाही. यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यामागं, आणि तोंडाचं पाणीच पळालं. ते फौजदारानं पाहिलं. 

तो आपणहून जवळ आला, पानं ताटात ठेवली.

“तेथंच उभ्या राहा, वहिनी,” तो हळू म्हणाला. “आमी गेलो का मंग मागचा कागद फाडून टाका.”

शिपायाला घेऊन तो निघून गेला. तरी मला भिंत सोडवेना. शेवटी सासूबाईंनी दंडाला धरून खाली बसवलं.