हनुवटीखाली मूठ

दातांच्या दवाखान्यात किस्से शोधावे लागत नाहीत. लोक आपल्याच तोंडानं घेऊन येतात. फक्त ते तोंड उघडलं पाहिजे! नव्वदच्या आसपास मी पनवेलला नर्स होते, तेव्हाची ही गंमत.

आमचे डॉक्टर मूळचे पुण्याचे, कडक. अक्कलदाढ काढली की जबड्याचा सांधा धरतो, म्हणून प्रत्येक पेशंटला एकच दम, "पंधरा दिवस मोठा आ करायचा नाही. जांभई आलीच, तर हनुवटीखाली मूठ धरायची!"

एक क्लार्क काका ऑफिसात तशीच मूठ धरून बसले. साहेबांना वाटलं, माणूस गहन विचारात आहे. पंधरा दिवस कोणी फाईल म्हणून दिली नाही! सोळाव्या दिवशी काका दवाखान्यात हजर.

"डॉक्टर, दुसऱ्या बाजूची कधी काढायची?"

न्हावा शेव्याच्या एका ट्रक ड्रायव्हरनं दाढ काढल्यावर खुर्चीतच जांभई दिली. जबडा निखळला, तोंड उघडं ते उघडंच! डॉक्टरांनी दोन्ही अंगठे आत घालून दाबले. खट्! जबडा बसला, पण अंगठे दातांत.

"आ करा! अहो, आ करा!" डॉक्टर कळवळले.

तो ठामपणे मान हलवत राहिला. आ करायचा नाही, असं त्यांनीच बजावलं होतं ना!

आणि करंजाड्याची चांगुणाबाय! लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी धवलारीण. दाढ काढली आणि जबडा आखडला, तोंडात बोट जाईना. बिचारी रडकुंडीला आली.

"डाक्टर, चार दिसांनी लगीन हाय. धवला नाय, तं लगीन नाय! नवरीला काय तशीच बसवू?"

डॉक्टर हादरलेच. चार दिवस गरम शेक, गोळ्या, आणि लग्नाला मला घेऊन स्वतः मांडवात पहिल्या रांगेत! त्यांची नजर पडली की चांगुणाबायची मूठ हनुवटीखाली. अर्ध्या तोंडानं गायली, पण लग्न लागलं. मागे सूर धरणाऱ्या बायांनीही बघून बघून मुठी लावल्या. मला हसू आवरेना.

दोन वर्षांनी डॉक्टर आणि मी सुकापूरला एका लग्नाला गेलो. धवलारीण दुसरीच, तरुण, जबडा ठणठणीत. हनुवटीखाली मूठ! मागच्या साऱ्या बायांची मूठ!

डॉक्टर बघतच राहिले. तेवढ्यात शेजारच्या म्हातारीनं त्यांना कोपरानं ढोसलं.

"डाक्टर, मूठ लावा! धवल्याला असं मोकल्या हनुवटीनं बसत नाय आमच्यात."

डॉक्टरांनी गुपचूप मूठ लावली.